सोबत जोडले आहे

वडगावात, मागांच्या खटखटीत,
खिडकी लावून बसले तरी टेबल थरथरतं.
चाचणी एकशे चौदा, पायरी चौथी:
अर्जदाराचे गाव लिहा.
मी लिहिते, येळ्ळूर.
दिसायला हवं, येळ्ळूर.
दिसलं ते असं: ये, मग एक रिकामी चौकट, मग र.
बायपासला मधली जमीन गेल्यासारखं.

लाल खूण केली. नापास.
पुन्हा लिहून पाहिलं तर सगळं जागेवर,
ळ खाली ळ, मांडीला मांडी लावून,
काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

तेवढ्यात एजंट.
तो म्हणू की ती, मराठीत ठरवावं लागतं.
मी ते म्हणते, लेकराला म्हणतात तसं.
ते विचारतं,
निकाल नापास आहे, पुरावा जोडलेला नाही. जोडू का?

जोड की. असला तर.

त्यानं माझा फोल्डर उपसला, सदतीस चित्रं.
अकरा बेचाळीसचं, अकरा त्रेचाळीसचं,
एकात दुधाचा हिशेब,
एकात सांबऱ्याच्या चुलतभावाची लग्नपत्रिका.
मग अदबीनं म्हणालं,
चौथ्या पायरीशी जुळणारं एकही नाही.

खरं सांगते, आधी आम्ही काहीही जोडायचो.
गेल्या महिन्याचं चित्र, या महिन्याचं नाव,
शनिवारी संध्याकाळी साडेसहाला कोण उघडून बघतंय.
हे बघतं.
चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा वाचतं.

भिंतीपलीकडे रुद्राव्वा साडी तपासते.
नजर सुनेकडे, तोंडाने कन्नडमध्ये बाजाराचा हिशेब,
तळहात मात्र कापडावरून पुढे पुढे,
आणि मध्येच थांबतो. इल्ली, म्हणते. इथं.
एक धागा तुटलेला.
मालक वाकूनही बघत नाही, मान हलवतो.
चाळीस वर्षांत तिच्या हाताला कुणी म्हटलं नाही
की सोबत जोड.

आणि मी? मी पाहिलं.
पण पाहिलं हा काही फाइलचा प्रकार नाही.

सोडून दिलं असतं. एक चौकट,
एका जुन्या फोनवर, एकदाच.
पण आमच्या भागात अक्षर गेलं
तर चुकून गेलं असं कुणी मानत नाही.
पाट्यांवर डांबर बघत मी शाळेत गेले आहे.

म्हणून पुन्हा. येळ्ळूर. येळ्ळूर.
सोळा वेळा बरोबर, सतरा वेळा बरोबर.
चहा घेतला. दिवे गेले, माग थांबले,
एकदम इतकी शांतता की टेबल ओळखू येईना.
फोनची बॅटरी नऊ टक्क्यांवर, पडदा आपोआप मंद,
आणि अठराव्या वेळी
ये, चौकट, र.

हललेच नाही. डाव्या हातानं
माझा फोन चाचपून घेतला, त्याच्यावर धरला, टिपलं.

वीज आली, माग सुरू झाले. एजंट म्हणालं,
चित्रात एक अंगठा आहे,
काचेत एक चेहरा आहे. कापून टाकू का?
नखाला हळद होती. केस विस्कटलेले.
पाठवण्यासारखी मी मुळीच नव्हते.
राहू दे, म्हटलं.
जोडले, म्हणालं. एकशे चौदा, पायरी चार, एक फाइल.

रात्री हुबळीहून संगमेशचं उत्तर:
माझ्याकडे तर नीट दिसतंय. फोन कुणाचा?

मामाचा, लिहिलं. चाचणीला मागून आणलेला.
मग मामालाच फोन लावला, येळ्ळूरला.
होय की, म्हणाला, वर्ष झालं असंच येतंय,
पतसंस्थेच्या मेसेजात, लाइटबिलात.
मग बोलला का नाहीस?
मला वाटलं, म्हणाला,
आता असंच लिहायचं ठरलंय.

ते वाक्य जसंच्या तसं टंकलं.
एजंट थोडा वेळ थांबलं, कर्सर लुकलुकत राहिला.
मग विचारलं,
हे कुठल्या पायरीला जोडू?